विमानाच्या खिडकीवरचा चिकटा आणि तो काढण्याची घाई

हँगरमधील रंगकाम आटोपते, विमानाच्या अंगावर नवा रंग वाळतो आणि खिडक्यांवर लावलेले प्लास्टिकचे आवरण व चिकटपट्ट्या सोलून काढण्याची वेळ येते. बहुतेक पट्ट्या एका ओढीत निघतात. एखाद्या खिडकीच्या कडेने मात्र बोटभर रुंदीचा तपकिरी, ओशट थर मागे राहतो. पट्टी ठरल्यापेक्षा चार दिवस अधिक राहिलेली असते, किंवा विमान मध्यंतरी उन्हात उभे केलेले असते. दुसऱ्या दिवशी ते उड्डाणासाठी द्यायचे असते, रंगकामाचा थिनर हाताशी असतो आणि एक फडका भिजवून फिरवला की काम दोन मिनिटांत होईल, असे वाटते. ते दोन मिनिटांत होतेही. खिडकीचे आयुष्यही बहुधा त्याच दोन मिनिटांत संपते. फक्त ते दिसून यायला काही तास, काही दिवस, कधी काही उड्डाणे जावी लागतात.

राहिलेला चिकट थर स्वतः फारसा उपद्रवी नसतो. वैमानिकाच्या समोरच्या काचेवर तो असेल तर दृष्टीला अडथळा होतो, म्हणून तो काढलाच पाहिजे. प्रवासी कक्षाच्या खिडकीवर असेल तर तो केवळ कुरूप दिसतो. विमानाला धोका पोहोचतो तो चुकीच्या पद्धतीने केलेल्या सफाईमुळे. म्हणूनच विमानांच्या देखभाल पुस्तिकांत खिडकी पुसण्यासारख्या किरकोळ वाटणाऱ्या कामासाठीही स्वतंत्र सूचना असतात आणि त्यांत काय वापरावे यापेक्षा काय वापरू नये याची यादी लांब असते.

बोलण्यात काच, प्रत्यक्षात ॲक्रिलिक

बोलताना आपण तिला काच म्हणतो. प्रवासी विमानाच्या कक्षातील खिडकी आणि सेसना १७२ सारख्या लहान विमानाची पुढची खिडकीसुद्धा प्रत्यक्षात काचेची नसते. ती ॲक्रिलिकची, म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट या प्लास्टिकची असते. १९३०च्या दशकात जर्मनीत प्लेक्सिग्लास आणि ब्रिटनमध्ये पर्स्पेक्स या नावांनी हे द्रव्य बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या छतांवर त्याने आपली जागा पक्की केली. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, काचेइतकीच पारदर्शकता आणि हवा तसा बाक देण्याची सोय, असे त्याचे तिहेरी गुण होते.

या द्रव्याची एक गोष्ट वैद्यकाच्या इतिहासातही नोंदली गेली आहे. युद्धात फुटलेल्या विमानछतांचे कण ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तेव्हा नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडले यांच्या लक्षात आले की हे कण डोळ्यात राहूनही तेथे दाह होत नाही. त्यातूनच १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णाला ॲक्रिलिकचे पहिले कृत्रिम भिंग बसवण्यात आले. मानवी डोळ्याने वर्षानुवर्षे मुकाट सोसलेले हे द्रव्य ॲसिटोनच्या एका थेंबापुढे मात्र टिकत नाही. त्याचा हा स्वभाव समजला की पुढची सगळी पथ्ये आपोआप समजतात.

वैमानिक कक्षाच्या पुढच्या काचांची गोष्ट वेगळी आहे. मोठ्या जेट विमानांत त्या अनेक थरांच्या असतात; बाहेरचा थर बहुधा खऱ्या काचेचा असतो आणि आत बर्फ वितळवणारा, विजेवर तापणारा पारदर्शक लेप असतो. बाहेरच्या पृष्ठावर पावसाचे पाणी घसरून जावे म्हणून वेगळा लेप दिलेला असू शकतो. काही ठिकाणी पॉलिकार्बोनेट वापरलेले असते. ते आघाताला ॲक्रिलिकपेक्षा चिवट, पण ओरखड्यांना आणि अमोनियासारख्या अल्कधर्मी द्रव्यांना अधिक हळवे. तेव्हा पहिला प्रश्न ‘कशाने पुसायचे’ हा नसून ‘समोरचे पृष्ठ कशाचे आहे’ हा असतो. त्याचे उत्तर नखाने टिचकी मारून मिळत नाही, त्या विमानाच्या देखभाल पुस्तिकेत आणि सुट्या भागांच्या सूचीत मिळते.

प्रवासी कक्षाची खिडकी सामान्यतः तीन पदरी असते. सर्वांत बाहेरचा जाड पदर हवेचा दाब पेलतो. मधला पदर राखीव असतो आणि त्याला तळाशी एक बारीक छिद्र असते. प्रवाशाचा हात पोहोचतो तो सर्वांत आतला पातळ पदर केवळ संरक्षणासाठी असतो, त्यावर दाबाचा भार नसतो. लहान मुलांनी चिकटवलेली चित्रे, च्युइंग गम, कुणी सावलीसाठी लावलेल्या कागदाच्या चिकटपट्ट्या हे सगळे या आतल्या पदरावर सापडते. तो पदर काढता येतो, बाहेर नेऊन धुता येतो आणि फारच खराब झाला तर बदलता येतो. बाहेरच्या पदराशी अशी सलगी करता येत नाही.

ताण आणि द्रावक यांची जोडी

विमान ३५,००० फुटांच्या वर उडत असते तेव्हा कक्षातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच अधिक असतो. हा फरक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६ किलो धरला, तर २५ सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच खिडकीवर आतून सुमारे पाचशे किलोंचा रेटा पडतो. उड्डाणागणिक तो चढतो आणि उतरतो. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानातही खिडकी पूर्ण निवांत नसते. बाक देताना राहिलेला ताण, चौकटीचा दाब, स्क्रूच्या छिद्राभोवतीचा ताण हे सगळे तिच्यात मुरलेले असतातच.

ॲक्रिलिक म्हणजे लांबच लांब रेणुसाखळ्यांचा गुंता. ॲसिटोन, एमईके, टोल्युईन, झायलीन किंवा लॅकर थिनर यांचे रेणू या साखळ्यांच्या मधे घुसतात आणि त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतात. ताण नसलेल्या तुकड्यावर अशाने पृष्ठ मऊ आणि धुरकट होते. ताण असलेल्या तुकड्यावर मात्र साखळ्या एकमेकींपासून सरकतात आणि पृष्ठावर केसाहून बारीक भेगांचे जाळे उमटते. तंत्रज्ञ याला क्रेझिंग म्हणतात. समोरून पाहिले तर ते अनेकदा दिसत नाही. सूर्य तिरपा आला की खिडकी चांदीच्या तारा विणल्यासारखी चमकते. उतरत्या उन्हात धावपट्टीकडे येणाऱ्या वैमानिकाला ती चमक समोरचे सगळे झाकून टाकते. शिवाय या भेगा पुढे मोठ्या तड्यांच्या वाटा ठरतात. ही हानी भरून येत नाही. भेगा उथळ असतील तर घासून काढता येतात, खोल असतील तर खिडकी बदलावी लागते.

ॲक्रिलिकचे हे हळवेपण हँगरपुरते नाही. १९८२ मध्ये मेक्सिकोतील एल चिचोन आणि १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबो या ज्वालामुखींच्या उद्रेकांनंतर वातावरणाच्या वरच्या थरांत गंधकाम्लाचे सूक्ष्म तुषार पसरले आणि त्या उंचीवर उडणाऱ्या विमानांच्या खिडक्यांवर क्रेझिंगचे प्रमाण वाढल्याचे विमान कंपन्यांच्या ध्यानात आले. राखेच्या ढगापासून हजारो मैल दूर, वरवर स्वच्छ दिसणाऱ्या आकाशात ते घडत होते.

सेसनाच्या वैमानिक पुस्तिकांत प्लास्टिकच्या खिडक्यांसाठी निषिद्ध द्रव्यांची नावे स्पष्ट दिलेली आहेत: पेट्रोल, बेंझीन, अल्कोहोल, ॲसिटोन, कार्बन टेट्राक्लोराइड, अग्निशामक किंवा बर्फरोधक द्रव, लॅकर थिनर आणि घरगुती काच-क्लीनर. यांतील शेवटचे नाव पुष्कळांना आश्चर्याचे वाटते. घरच्या आरशासाठी वापरल्या जाणाऱ्या निळ्या फवाऱ्यात बहुधा अमोनिया किंवा तीव्र द्रावक असतात. काचेला त्यांचे काही वाटत नाही, प्लास्टिकला वाटते.

पेट्रोलचे नाव यादीत असूनही सर्वाधिक उल्लंघन त्याचेच होण्याचा संभव असतो. लहान विमानाच्या टाकीतून उड्डाणापूर्वी तपासणीसाठी थोडे इंधन काढले जाते. ते हातातच असते, आणि फडक्यावर ओतून खिडकीवरचा डाग पुसण्याचा मोह सोपा असतो. विमानांच्या पेट्रोलमध्ये टोल्युईन असते, आणि जेट इंधनात प्रमाणित मर्यादेनुसार २५ टक्क्यांपर्यंत ॲरोमॅटिक द्रव्ये असू शकतात. दोन्ही खिडकीपासून लांबच ठेवलेली बरी.

चिकटा ओळखणे

मराठी घरांत फणस चिरण्याआधी विळीला आणि हातांना तेल का लावतात, हे सांगावे लागत नाही. फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही, साबणालाही फारशी देत नाही. खोबरेल किंवा गोडे तेल लावले की मुकाट्याने सुटतो. समान स्वभावाचे द्रव्य समान स्वभावाच्या द्रव्यात विरघळते, हे रसायनशास्त्राचे तत्त्व त्यामागे आहे. विमानाच्या खिडकीवरील कामाचा कणाही हाच आहे, आणि त्यातली मुख्य अडचणही याच तत्त्वातून निघते.

रंगाऱ्यांच्या साध्या कागदी चिकटपट्टीचा गोंद परंपरेने रबर आणि राळ यांचा असतो. १९२५ च्या सुमारास थ्रीएम कंपनीत रिचर्ड ड्रू यांनी मोटारींच्या दुरंगी रंगकामासाठी ही पट्टी बनवली, तेव्हापासून तिचा मूळ स्वभाव फार बदललेला नाही. ऊन आणि हवा लागली की रबराचा गोंद आधी मऊ, लोण्यासारखा होतो आणि पुढे वाळून लाखेसारखा कडक, तपकिरी होतो. मऊ अवस्थेत तो सहज निघतो, कडक झाल्यावर वेळ घेतो. दोन्ही अवस्थांत तेलकट, सरळ साखळीच्या द्रावकांना तो दाद देतो आणि सुदैवाने तीच द्रव्ये ॲक्रिलिकला बाधत नाहीत.

पारदर्शक संरक्षक पापुद्रे आणि ॲल्युमिनियमच्या चिकटपट्ट्या यांवरचा गोंद पुष्कळदा ॲक्रिलिक कुळातला असतो. म्हणजे गोंद आणि खिडकी हे एकमेकांचे भाऊबंद. हा गोंद ज्या द्रावकात झटकन विरघळतो, तो द्रावक खिडकीवरही तितक्याच आवडीने चढतो. येथे रसायनापेक्षा सबुरी, पाणी आणि बोटे यांवर भिस्त ठेवावी लागते. खिडकीच्या कडेचा राखाडी, रबरासारखा सांधणीचा मसाला ही तिसरी गोष्ट. तो अवशेष नसून खिडकीच्या बांधणीचा भाग असतो. तो चिकटा समजून खरवडला गेल्याने पाणी आत शिरते, म्हणून डाग आणि मसाला यांच्यातील सीमा कामाआधी नीट पाहून घ्यावी.

अवशेष किती हट्टी असेल हे मुख्यतः वेळेवर ठरते. २०२० मध्ये महासाथीमुळे जगभरची विमाने जमिनीवर आली, तेव्हा दुबईच्या अल मक्तूम विमानतळापासून स्पेनमधील तेरुएल आणि ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत रखरखीत उन्हात त्यांच्या रांगा लागल्या. अशा दीर्घ मुक्कामात खिडक्या, इंजिने आणि इतर उघडी तोंडे झाकून ठेवतात. झाकण्यासाठी वापरलेली पट्टी महिनोन्महिने उन्हात भाजली की तिचा कागद एकीकडे आणि गोंद दुसरीकडे होतो. नव्या खिडकीवर कारखान्यातून लावून आलेल्या संरक्षक कागदाचीही हीच कथा आहे. तो सावलीत वर्षभर राहिला तरी सुटतो, उन्हात काही आठवडे राहिला तर जागा सोडत नाही. आखाती देशांतील हँगरांत काम करणाऱ्या तंत्रज्ञांना याचा वेगळा पुरावा नको.

प्रत्यक्ष काम

काम सावलीत, पृष्ठ थंड असताना करावे. तापलेल्या खिडकीवर साबणाचे पाणी क्षणात सुकते आणि द्रावक असमान उडून डाग पाडतो. अंगठ्या, घड्याळ, कडे, गळ्यातील ओळखपत्राची धातूची कडी हे सगळे आधी उतरवून ठेवावे. खिडकीवरचे पुष्कळ ओरखडे फडक्याने पडलेले नसतात, मनगटाने पडलेले असतात.

सुरुवात नेहमी भरपूर स्वच्छ पाण्याने होते. कोरड्या फडक्याने पुसणे हा पहिला आणि सर्वांत सामान्य अपराध. त्याने धुळीचे कण पृष्ठावर रगडले जातात आणि प्लास्टिकवर स्थिर वीज साचून ती आणखी धूळ ओढून घेते. पाण्याचा हलका प्रवाह सोडत उघड्या हाताने पृष्ठ चाचपून पाहण्याचा सल्ला अमेरिकेच्या एफएएच्या हस्तपुस्तिका देतात, तो यासाठीच की वाळूचा बारीक कण बोटाला फडक्याच्या आधी कळतो. मग कोमट पाण्यात सौम्य साबण घालून त्यात भिजवलेला मऊ सुती फडका चिकट भागावर पंधरा-वीस मिनिटे नुसता ठेवून द्यावा. पाणी गोंद विरघळवत नाही, पण त्याच्या कडांखाली शिरते आणि पुढचे काम निम्मे करून ठेवते.

यानंतर अंगठ्याची वेळ येते. भिजलेला थर अंगठ्याच्या पोटाने एका दिशेने लोटला की त्याच्या शेवयांसारख्या वळ्या होतात आणि त्या उचलता येतात. दुसरी जुनी युक्ती अशी, की नव्या चिकटपट्टीचा तुकडा कोरड्या केलेल्या अवशेषावर दाबून बसवावा आणि पृष्ठालगत, स्वतःवर दुमडत, हळूहळू ओढावा. गोंदाला गोंद आवडतो. जुना थर नव्या पट्टीबरोबर येतो. हट्टी ॲक्रिलिक गोंदासाठी बहुधा हीच युक्ती दहा-वीस वेळा करावी लागते. कंटाळवाणे आहे, पण त्याने खिडकीचे काही बिघडत नाही. आतल्या पदरावर चिकटलेले च्युइंग गम प्लास्टिकच्या पिशवीतील बर्फाने कडक करून अलगद उचलता येते. उणे पन्नास अंशांत उडणाऱ्या विमानाच्या खिडकीला बर्फाची भीती नसते.

एवढ्यानेही न निघाल्यास द्रावकाकडे वळावे. अनेक पुस्तिका ॲक्रिलिकसाठी ॲलिफॅटिक नॅफ्थाला परवानगी देतात. तेल आणि ग्रीस काढण्यासाठी सेसनाच्या पुस्तिकांत स्टॉडर्ड सॉल्व्हंटचा उल्लेख येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलबाबत मते एक नाहीत. प्लास्टिकचे काही उत्पादक त्याचे पातळ मिश्रण चालेल असे म्हणतात, सेसनाची यादी अल्कोहोलला सरसकट नाही म्हणते. अशा वेळी दुसऱ्याचा अनुभव कामाचा नसतो; समोरच्या विमानाची पुस्तिका म्हणते तेच खरे. विमानांसाठी विकल्या जाणाऱ्या क्लीनरच्या डब्यावर एएसटीएम एफ ४८४ या चाचणीचा उल्लेख असतो का, हेही पाहावे. या चाचणीत ॲक्रिलिकची पट्टी एका टोकाला पकडून दुसऱ्या टोकाला वजन लावतात आणि ताणलेल्या भागावर ते द्रव्य ठेवून भेगा पडतात का ते पाहतात. बाजारातील साध्या स्टिकर-रिमूव्हरची, विशेषतः संत्र्याच्या सालीच्या अर्काचा सुवास असलेल्यांची, अशी परीक्षा झालेली नसेल तर ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून ती खिडकीवर नेऊ नयेत.

द्रावक खिडकीवर ओतू नये. तो फडक्यावर घ्यावा, तोही निथळणार नाही इतकाच, आणि हातभर जागा एकदम न घेता तळहाताएवढा भाग हाती धरावा. कडांपासून लांब राहावे, कारण सांध्यांत आणि स्क्रूंच्या छिद्रांत साचलेला द्रावक लवकर उडत नाही आणि तेथेच ताण सर्वाधिक असतो. ‘कोपऱ्यात चाचणी घ्यावी’ हा घरगुती सल्ला येथे उलटा पडतो. चाचणी घ्यायचीच तर मोडीत काढलेल्या जुन्या खिडकीवर घ्यावी. फडका वर-खाली किंवा आडवा, सरळ रेषेत फिरवावा. गोल गोल फिरवल्याने पडणारी सूक्ष्म वलये समोरून प्रकाश आला की दिव्याभोवतीच्या तेजोवलयासारखी दिसतात. गोंद सुटताच तो भाग साबणाच्या पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्याने खळबळून, ओलसर मऊ कापडाने टिपून घ्यावा आणि मगच पुढच्या भागाकडे जावे.

कागद कोणताही नको. जुन्या वर्तमानपत्राने आरसा लख्ख करण्याची रीत घराघरांत आहे आणि काचेवर ती खरेच चालते. ॲक्रिलिकवर कागदाचे तंतू कानशीसारखे वागतात. टिश्यू, टॉवेल पेपर, स्वयंपाकघरातील घासणी, टूथपेस्ट, दाढीचे पाते हे सर्व त्याच यादीत. खरवडणे अपरिहार्यच असेल तर खिडकीपेक्षा मऊ, कडा गोल केलेल्या प्लास्टिकच्या पट्टीनेच, आणि तेही पृष्ठ ओले ठेवून.

नॅफ्था खिडकीला सोसवतो म्हणून माणसाला सोसवतो असे नाही. तो ज्वालाग्राही आहे, त्याची वाफ जमिनीलगत साचते आणि कोरड्या प्लास्टिकवर घासल्याने निर्माण झालेली ठिणगी तिला पुरते. हवा खेळती ठेवणे, नायट्राइलचे हातमोजे आणि वापरलेले फडके झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकणे, इतके तरी सांभाळलेच पाहिजे.

उष्णतेचा मोह

चिकटा मऊ करण्यासाठी गरम हवेचे यंत्र, म्हणजे हीट गन, हा मोटारींच्या कार्यशाळेतला नेहमीचा उपाय. विमानाच्या खिडकीवर तो न करण्याची कारणे लंडनजवळच्या एका घटनेने नीट दाखवून दिली आहेत. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी स्टॅन्स्टेड विमानतळावरून ऑर्लँडोकडे निघालेल्या टायटन एअरवेजच्या ए३२१ विमानात उड्डाणानंतर आवाज वाढल्याचे लक्षात आले. पाहणी केली तेव्हा डाव्या बाजूच्या एका खिडकीचे सील वाऱ्यावर फडफडत होते. विमान परत उतरवल्यावर दिसले, की दोन खिडक्यांचे मुख्य पदर जागेवरच नाहीत आणि आणखी काही सरकलेले आहेत. ब्रिटनच्या अपघात तपास विभागाच्या तपासात निष्पन्न झाले ते असे: आदल्या दिवशी चित्रीकरणासाठी विमानावर कित्येक तास प्रखर दिवे रोखलेले होते आणि त्यांच्या उष्णतेने खिडक्यांचे ॲक्रिलिक आकसले होते. कुणालाही इजा झाली नाही. विमान आणखी वर गेले असते, दाबातील फरक वाढला असता, तर काय झाले असते हा प्रश्न उरतोच.

प्रवासी विमानांच्या खिडक्यांत वापरलेले ॲक्रिलिक ताणून बनवलेले असते. तडा पसरू नये म्हणून ते गरम करून दोन्ही दिशांनी ताणतात आणि त्याच अवस्थेत थंड करतात. पुन्हा पुरेसे तापले की ते मूळ आकाराकडे परत आकसू पाहते. ॲक्रिलिक १०५ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते आणि हीट गनच्या तोंडाशी हवा याच्या कितीतरी पट तापलेली असते. कोमट पाण्याचा फडका एवढीच उष्णता येथे पुरेशी आणि योग्य.

काम झाल्यावर

गोंद गेल्यानंतर पुष्कळदा फिकट धुरकटपणा राहतो. तो विमानांच्या प्लास्टिकसाठीच्या पॉलिशने आणि मऊ फ्लॅनेलच्या कापडाने जातो. बारीक ओरखडे काढण्यासाठी १५०० पासून १२००० पर्यंत चढत्या बारकाईच्या घासकापडांचे संच मिळतात, मात्र दाबयुक्त विमानाच्या खिडकीवर हे काम हौसेचे नाही. प्रत्येक घासणीत जाडी घटते, किती घटली तर चालते हे पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि एकाच जागी घासल्याने तयार झालेला खळगा भिंगासारखा वागून दृश्य वाकडे करतो.

हे काम कोणी करावे, याचे उत्तर विमानागणिक आणि देशागणिक बदलते. अमेरिकेत खासगी वैमानिक परवाना असलेल्या मालकाला आपल्या विमानाची काही प्रतिबंधात्मक देखभाल स्वतः करता येते. संघीय नियमांच्या भाग ४३ मधील परिशिष्टात तिची यादी आहे, आणि विमानाच्या रचनेला धक्का लागत नसेल तर बाजूची खिडकी बदलणेही तीत येते. तेव्हा खिडकी धुणे त्याच्या आवाक्यातलेच. प्रवासी विमानावर मात्र, ते नागपूरच्या मिहानमधील हँगरात असो वा दोह्याच्या, परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याशिवाय अशा कामाची नोंद पुरी होत नाही.

कामाच्या भोवती लावलेल्या पट्ट्या मोजून काढणे हा याच कामाचा भाग आहे. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून सांतियागोला निघालेले एरोपेरूचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळले आणि विमानातील सर्व ७० जण मरण पावले. विमानाची सफाई करताना बाहेरच्या हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली गेली होती आणि ती तशीच राहिली होती. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना आपली उंची आणि वेग कळेनासे झाले. खिडकीच्या आसपास पट्टी लावायची तर ती रंगाने उठून दिसणारी असावी, दाबमापनाच्या छिद्रांवर त्यांच्यासाठीच बनवलेली, लाल फितीची झाकणे वापरावीत आणि लावलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद कागदावर असावी.

शेवटची पाहणी विजेरीने होते. हँगरातील दिवे मंद करून प्रकाश पृष्ठाशी जवळजवळ समांतर टाकावा आणि डोके हलवत, वेगवेगळ्या कोनांतून पाहावे. कडांलगत आणि छिद्रांभोवती चांदीसारखी बारीक चमक दिसली तर तिची लांबी, दिशा आणि जागा लिहून ठेवून पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी. द्रावक वापरला असेल तर हीच पाहणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी, कारण काही भेगा रात्र उलटल्यावरच दिसू लागतात.